आजार लपवणाऱ्यांचा हिशेब

दरवर्षी १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाच्या निमित्ताने, एकच सल्ला वेगवेगळ्या शब्दांत आपल्यासमोर येतो. मनात साठवू नका, मोकळेपणाने बोला, मदत मागायला लाजू नका. सल्ल्यात वावगे काही नाही आणि तो देणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचेही कारण नाही. माझी तक्रार अशी की हा सल्ला नेहमी रुग्णाला किंवा त्याच्या घरच्यांना दिला जातो, आणि बोलल्यामुळे जे काही गमवावे लागते तेही याच लोकांना गमवावे लागते. ज्यांच्यामुळे ते गमवावे लागते, ते स्थळ पाहणारे नातेवाईक, नोकरी देणारे मालक, खोली भाड्याने देणारे घरमालक, विमा कंपन्या आणि कायदे करणारी मंडळी यांना त्या दिवशी कोणी काही सांगत नाही. मानसिक आजाराभोवतीचा कलंक अज्ञानातून येतो आणि पुरेशी माहिती दिली की तो ओसरतो, अशी एक सोयीची समजूत या मोहिमांच्या मुळाशी आहे. मला ती अर्धीच खरी वाटते. आजार लपवणारी बहुतेक कुटुंबे अडाणी नसतात. त्यांनी हिशेब केलेला असतो, आणि आजच्या व्यवस्थेत तो बहुधा बरोबरच निघतो.

हा हिशेब सर्वांत उघडपणे दिसतो तो लग्न जमवताना. स्किझोफ्रेनियासारखा आजार, ज्यात नसलेले आवाज ऐकू येतात आणि भलते संशय मनात घर करतात, बहुतेकांमध्ये विशीच्या आगेमागे डोके वर काढतो. शिक्षण संपवून नोकरीला लागण्याचे आणि लग्न ठरण्याचे वयही नेमके तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर तीनशे माणसांमागे सुमारे एकाला हा आजार असतो. या प्रमाणाने पाहिले तर मध्यम आकाराच्या प्रत्येक गावात असे रुग्ण असणारच, आणि तरीही आपल्या गावात तसे कोणी नाही असे सांगणारे लोक मला सतत भेटतात. स्थळाची चौकशी करताना मुलाच्या पगाराइतक्याच आवर्जून, पण दबक्या आवाजात, 'घरात कुणाला काही नाही ना?' हे विचारले जाते. या प्रश्नाचे खरे उत्तर दिले तर त्या मुलाचे लग्न मोडतेच, शिवाय त्याच्या धाकट्या बहिणीचे आणि चुलतभावाचेही अवघड होऊन बसते. आनुवंशिकतेची भीती निव्वळ खुळचट आहे असेही म्हणता येत नाही. आई किंवा वडील यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया असेल तर अपत्याला तो होण्याची शक्यता साधारण दहात एक असते, आणि इतरांच्या तुलनेत ती नक्कीच जास्त आहे. दहातल्या नऊ मुलांना तो होत नाही, हा त्याच आकड्याचा दुसरा अर्थ. मात्र स्थळ पाहणाऱ्याला समोर आणखी पंधरा स्थळे दिसत असताना तो या दुसऱ्या अर्थाकडे कशाला वळेल?

एवढे लक्षात घेतले की अनेक कुटुंबे डॉक्टरआधी देवऋषाकडे का जातात याचेही एक वेगळे उत्तर मिळते. आपण त्याला अंधश्रद्धा म्हणतो, आणि ती असतेच. पण 'बाहेरचं लागलंय' या निदानात एक मोठी सवलत दडलेली आहे. बाहेरून आलेली बाधा बाहेर जाऊ शकते. तिचा दोष घराण्याच्या रक्ताला लागत नाही आणि ती उतरली की माणूस पूर्वीसारखा होतो, अशी सर्वांची समजूत असल्यामुळे पुढच्या चौकशीत तिचा उल्लेख करण्याचेही कारण राहत नाही. गाणगापूरला पोराला घेऊन गेलो होतो हे शेजाऱ्याला सांगता येते. मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले होते हे सांगता येत नाही. देवस्थानाची वाट धरणाऱ्या बापाची विज्ञानाशी फारकत झालेली असेलच असे नाही. कित्येकदा त्याच्या खिशात डॉक्टरांची चिठ्ठीही असते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर, २०१३ मध्ये, महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणे, साखळीने बांधणे हा गुन्हा ठरवला. हे व्हायलाच हवे होते. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या एका खासगी निवासाला आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळताही आले नाही, आणि २८ जण मृत्युमुखी पडले. गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यावर मात्र दर्ग्याच्या मुजावरांना सोबत घेऊन मानसोपचाराची सोय तिथेच करण्यात आली. दुआ मागा आणि दवाही घ्या, असा तो उपक्रम. आपल्या विवेकवादी मित्रांना अशी तडजोड खटकते हे मला माहीत आहे. परंतु दर्ग्यात बसलेल्या डॉक्टरकडे जाताना कोणाला तोंड लपवावे लागत नाही, आणि रुग्णाच्या दृष्टीने ही सोय लहान नाही.

लपवण्याची किंमत शेवटी आजारच वसूल करतो, आणि ती कशी करतो हे एका घराच्या उदाहरणाने सांगतो. मुलगा पंचविशीतला, आयटीआय झालेला, औषधांवर दीड-दोन वर्षे उत्तम चाललेला. गोळ्यांच्या पट्टीवरचे नाव कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून आई त्या सोलून जीवनसत्त्वाच्या जुन्या बाटलीत भरून ठेवायची, आणि औषध आणण्यासाठी वडील आपल्या जिल्ह्याचे ठिकाण सोडून पलीकडच्या जिल्ह्यात जायचे. 'लग्न करून द्या, जबाबदारी पडली की सुधारेल' हा नातेवाइकांचा सल्ला शेवटी मानला गेला. मुलीकडच्यांना सांगायचे नाही असे ठरले. लग्नाच्या आठ दिवस आधी गोळ्या बंद केल्या गेल्या, कारण नव्या नवरीसमोर रोज रात्री बाटली कशी उघडायची हा प्रश्न कुणालाच सुटेना. पुढच्या दोन-तीन महिन्यांत जे व्हायचे ते झाले. झोप गेली, संशय वाढला, एका रात्री त्याने बायकोला खोलीत कोंडून घराभोवती पहारा दिला. ती माहेरी गेली ती परत आली नाही, आणि फसवणुकीचा तिचा आरोप शब्दशः खरा होता. गावाने काढलेला निष्कर्ष असा की या आजारात माणूस कधी बरा होत नाही. गोळ्या चालू असताना तो रोज कारखान्यात कामाला जात होता हे गावाला माहीत असण्याचे कारणच नव्हते. बरे वाटण्याचा सगळा काळ लपवलेला होता आणि बिघडण्याचा तेवढा उघड्यावर आला.

कलंक टिकून राहण्याची यंत्रणा मला या गोष्टीत दिसते. जे बरे असतात ते लपतात. लपण्याची सोय उरत नाही ते तेवढे लोकांना दिसतात, आणि त्यांच्यावरून सगळ्यांची पारख होते.

या व्यवहारात कायदा कोणत्या बाजूला उभा आहे हे तपासले तर फारसे समाधान वाटत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या पाचव्या कलमात विवाहाच्या अटींमध्ये आजही अशी तरतूद आहे की विवाह व अपत्यप्राप्ती यांसाठी अपात्र ठरावे इतक्या मर्यादेचा मानसिक विकार वधूला वा वराला नसावा. तेराव्या कलमात घटस्फोटाच्या कारणांमध्ये मानसिक विकार आहे, आणि त्याच्या स्पष्टीकरणात स्किझोफ्रेनियाचा नावानिशी उल्लेख आहे. हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार, कर्करोग यांपैकी कोणाच्याही वाट्याला हा मान आलेला नाही. एकेकाळी या कायद्यात मानसिक आजाराच्या सोबतीला अपस्मार आणि कुष्ठरोगही होते. अपस्माराचा उल्लेख १९९९ मध्ये वगळला गेला. कुष्ठरोग २०१९ मध्ये घटस्फोटाच्या कारणांतून काढून टाकला गेला. मानसिक आजार तिथेच राहिला. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये, रामनारायण गुप्ता यांच्या खटल्यात, आणि पुन्हा २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे की नुसते निदान पुरेसे नाही, आजाराची तीव्रता सहजीवन अशक्य करणारी आहे हे सिद्ध व्हावे लागते. न्यायालयाची ही भूमिका योग्यच आहे. मात्र लग्नात खटका उडाल्यावर वकिलाच्या टेबलावर पोहोचलेल्या माणसाला तो बारकावा नंतर कळतो. आधी कळते ते एवढेच की डॉक्टरांची जुनी फाइल हाती लागली तर ती उपयोगी पडेल. म्हणून घराघरांतून फाइली फाडल्या जातात, आणि फाइल फाडली की पुढच्या डॉक्टरला मागचे औषध कोणते लागू पडले होते हे समजण्याचा मार्गही संपतो.

कुष्ठरोगाचा उल्लेख आला आहे तर त्याबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण कलंक कसा कमी होतो याचा जवळचा अनुभव महाराष्ट्राला आहे. महारोगी म्हटले की गावकुसाबाहेर, हा रिवाज आपल्या आजोबांच्या पिढीपर्यंत होता. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीजवळ तपोवन उभे केले, बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन वसवले, आणि ही दोन्ही नावे आपण आदराने घेतो. या संस्थांनी काय केले याची आठवण मात्र आपण जरा भावुक करून ठेवली आहे. तिथे करुणा होतीच, पण रुग्णाच्या हाताला काम होते, त्या कामातून माल तयार होत होता आणि तो माल बाहेरचा माणूस पैसे देऊन विकत घेत होता. पुढे १९८० च्या दशकात बहुऔषधोपचार आला, तो मोफत होता, गावाजवळच्या आरोग्य केंद्रात मिळत होता आणि ठरावीक महिन्यांत संपत होता. हातापायांत विकृती येण्याआधीच रोग थांबू लागला, आणि दिसण्यासारखे काही उरले नाही तेव्हा भीतीही उतरत गेली. १८९८ चा महारोग्यांविषयीचा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले, तरी तो रद्द झाला. कुष्ठरोग्यांचा अवमान संपूर्ण संपला असे कोणी म्हणणार नाही. पण जो काही कमी झाला तो औषध, रोजगार आणि कायदा या तिन्ही गोष्टी जागेवर आल्यामुळे झाला; भिंतीवरच्या घोषणांनी त्यांना साथ दिली इतकेच.

मानसिक आजाराच्या बाबतीत आपण उलट्या टोकाला सुरुवात केली आणि घोषणा आधी रंगवल्या. त्यांपैकी सर्वांत लाडकी घोषणा अशी की हा मेंदूचा आजार आहे, जसा मधुमेह तसाच हा. डॉक्टरांना ती आवडते कारण ती शास्त्राला धरून आहे, आणि कुटुंबांना आवडते कारण तिच्यामुळे आईबापांवरचा दोष उतरतो. तिचा परिणाम काय होतो याचा अभ्यास अमेरिकेत झालेला आहे. समाजशास्त्रज्ञ बर्निस पेस्कोसोलिडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ आणि २००६ या दोन सालांतील राष्ट्रीय सर्वेक्षणांची तुलना केली. मानसिक आजार हा मेंदूतील बिघाड आहे असे मानणारे लोक दहा वर्षांत वाढले होते, उपचारांवरचा विश्वासही वाढला होता. पण असा माणूस शेजारी नको, सहकारी नको, सोयरा नको असे म्हणणाऱ्यांचे प्रमाण काही घटले नव्हते. २०१८ पर्यंतची आकडेवारी जोडल्यावर चित्र थोडे बदलले. नैराश्याबाबतचा दुरावा कमी झालेला दिसला, आणि स्किझोफ्रेनियाचा रुग्ण धोकादायक असतो ही समजूत उलट वाढलेली दिसली.

अमेरिकेचे निष्कर्ष जसेच्या तसे इथे लावू नयेत हे मान्य. तरी हा फरक आपल्याकडेही डोळ्यांना दिसतो. दीपिका पदुकोण यांनी २०१५ मध्ये आपल्या नैराश्याविषयी जाहीरपणे सांगितले, आणि त्यानंतर शहरी, शिकलेल्या घरांत 'मी थेरपी घेतोय' हे वाक्य उच्चारणे नक्कीच सोपे झाले. त्याचे श्रेय द्यायला हवे. पण त्याच घरांत 'माझ्या भावाला आवाज ऐकू येतात' हे वाक्य आजही उच्चारले जात नाही. नैराश्य आणि चिंता यांना आपण हळूहळू ताणतणावाच्या, जवळजवळ प्रतिष्ठित अशा खात्यात नेऊन बसवले आणि 'वेड' या शब्दाखाली जे उरले त्याच्यावर पूर्वीचाच सगळा भार ठेवला. मला कधीकधी अशी शंका येते की 'आम्हाला फक्त डिप्रेशन आहे, आम्ही काही वेडे नाही' हे सांगण्याची नवी सोय झाल्यामुळे उरलेल्यांची परिस्थिती थोडी बिकटच झाली असावी.

उपचारांची व्यवस्था पाहिली की हिशेबाची दुसरी बाजू समोर येते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के होते. (त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपले आकडे फार निराळे असतील असे मानायला आधार नाही.) हे लोक कलंकामुळे उपचार घेत नाहीत असे म्हणणे सरकारच्या फार सोयीचे आहे, कारण मग दोष लोकांच्या मनोवृत्तीवर ढकलता येतो. देशात लाखामागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, आणि आहेत ते बहुतांशी शहरांत. राज्यात वर्षानुवर्षे ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चार ठिकाणची प्रादेशिक मनोरुग्णालये हाच सरकारी उपचारांचा मुख्य आधार राहिला; उंच भिंतींच्या आतली, वसाहतकाळातून चालत आलेली ही आवारे इतकी परिचित झाली की त्या गावांची नावेच टिंगलीचे शब्द बनले. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि १९९६ मध्ये जिल्हा कार्यक्रम सुरू झाला तो याच भिंती ओलांडण्यासाठी. त्याची पथके आज महाराष्ट्रात आहेत. परंतु पथक ठरावीक वारी येणार, डॉक्टरची जागा मधूनच रिकामी पडणार, आणि गोळी संपलेली असली तर रुग्णाला बाहेरून घ्यायला सांगणार, अशी स्थिती जिथे असते तिथे औषध खंडित होणे अटळ आहे. सहा गोळ्यांपैकी चार मिळाल्या तर रक्तदाबाचा रुग्ण कदाचित निभावून नेईल. बायपोलरच्या, म्हणजे अतिउत्साह आणि नैराश्य यांच्या टोकांत हेलकावणाऱ्या, रुग्णाचे महिनाभरात घर उधळते, आणि मग पुन्हा तेच, बिघडलेला माणूस तेवढा लोकांना दिसतो.

तज्ज्ञ नाहीत म्हणून काही करता येत नाही ही सबबही आता चालण्यासारखी नाही. गोव्यात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या 'संगाथ' या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना प्रशिक्षण देऊन, तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी काही मोजक्या भेटींचा कार्यक्रम राबवला. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनंतर या रुग्णांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, तर नेहमीची सेवा मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ३९ टक्के होते. स्किझोफ्रेनियासाठी असाच प्रयोग तमिळनाडू, गोवा आणि आपल्या साताऱ्यात झाला. त्यात आरोग्यसेवक रुग्णाच्या घरी जात. लक्षणे आणि अपंगत्व यांत सुधारणा दिसली, ती माफकच होती.

या दुसऱ्या अभ्यासातील रुग्णांना भेदभावाबद्दलही विचारण्यात आले होते, आणि माझ्या मांडणीला अडचणीत आणणारी गोष्ट तिथे आहे. प्रत्यक्ष भेदभाव वाट्याला आल्याचे ४२ टक्के रुग्णांनी सांगितले, तर आपण इतरांपासून तुटलो आहोत ही भावना ७९ टक्क्यांनी व्यक्त केली. कोणी म्हणेल, बघा, समाज तुम्ही समजता तितका वाईट नाही, रुग्णच मनाने खचलेला आहे, तेव्हा त्याला धीर द्या आणि बोलते करा. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. तरी मला त्या आकड्यांचा अर्थ निराळा लागतो. ज्याने आजार कोणालाच कळू दिला नाही त्याला भेदभाव सोसावा लागणार नाही, हे उघड आहे. कळले तर काय होईल या धास्तीत मात्र तो चोवीस तास जगतो आणि माणसांपासून तुटत जातो. ज्या गोष्टी पणाला लागतात त्याही ठरलेल्या आहेत. पुरुषाला कमावण्याची आणि बाईला संसाराची काळजी असते, आणि बाईच्या बाबतीत तराजू आणखी झुकलेला असतो. नवऱ्याला आजार झाला तर बायकोने सांभाळावे अशी अपेक्षा असते. बायकोला झाला तर तिला माहेरी सोडले जाते. माहेरही उरले नसेल तर मनोरुग्णालयात, आणि दाखल करताना लिहून दिलेला पत्ता पुढे चुकीचा निघतो. बऱ्या झालेल्या, पण न्यायला कोणी न आलेल्या अशा माणसांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्राला हे ऐकून घ्यावे लागले की अशा लोकांना भिक्षेकरी गृहांत हलवणे म्हणजे पुनर्वसन नव्हे.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याकडे या सगळ्याचे उत्तर म्हणून बोट दाखवले जाते. कायदा चांगला आहे, हे आधी सांगतो. साखळीने बांधण्यास त्याने मनाई केली, भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय विजेचे उपचार करण्यास बंदी घातली, रुग्णाला आपल्या भावी उपचारांबद्दल आधीच लेखी इच्छा नोंदवून ठेवण्याचा हक्क दिला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाईल आणि तिच्यावर खटला भरला जाणार नाही, हे त्याच्या ११५ व्या कलमाने ठरवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारे दंड संहितेतील जुने ३०९ कलम तसेच उतरवलेले नाही. सरकारी अधिकाऱ्याला कर्तव्यापासून रोखण्यासाठी केलेल्या आत्महत्येच्या प्रयत्नापुरताच गुन्हा उरला आहे. एकट्या २०२२ मध्ये ज्या राज्यात २२,७४६ आत्महत्यांची नोंद झाली, आणि जे या बाबतीत देशात पहिल्या क्रमांकावर होते, त्या महाराष्ट्राला या बदलाचे मोल वेगळे सांगायला नको.

तरीही हा कायदा दवाखान्याच्या दारात थांबतो. त्याने दिलेली समानता मुख्यतः आरोग्यसेवेपुरती आहे. त्याच वर्षी त्याच संसदेने एचआयव्ही आणि एड्सविषयीचा कायदा केला, आणि त्यात नोकरी नाकारणे, शाळेतून काढणे, घर भाड्याने न देणे, विमा नाकारणे अशा भेदभावाच्या जागा एकेक करून नोंदवल्या आणि सरकारी-खासगी असा फरक न करता त्यांवर बंदी घातली. मनोरुग्णांसाठी इतकी नेमकी यादी कोणी केली नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे, पण त्याचे संरक्षण बहुतांशी प्रमाणपत्र मिळवणाऱ्यांसाठी आहे, आणि ज्याला आजार लपवायचा आहे तो प्रमाणपत्राच्या रांगेत उभा राहणार नाही. विम्याचेही तसेच. शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही संरक्षण द्यावे असे कायद्याचे २१ वे कलम सांगते, विमा नियामकाने ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना तसे कळवलेही. तरी एका रुग्णाला आपला दावा मंजूर करून घेण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले आणि २०२१ मध्ये तिच्या बाजूने निकाल लागला. शिवाय सर्वसाधारण पॉलिसी पैसे देते ते रुग्णालयात भरती झाल्यावर. मानसिक आजाराचा खरा खर्च दर महिन्याची तपासणी, गोळ्या आणि समुपदेशन यांवर होतो, आणि तो खिशातूनच करावा लागतो. बिघडेपर्यंत थांबलात तर पैसे मिळतील, असा त्या समानतेचा व्यवहारातला अर्थ होतो.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. विवाह कायद्यातून मानसिक आजार काढून टाका म्हणणे सोपे आहे, पण ज्या मुलीची फसवणूक झाली तिचे काय? वर सांगितलेल्या घरातल्या त्या नवऱ्याइतकीच त्या बायकोची बाजू मला महत्त्वाची वाटते. लग्नाआधी खरे जाणून घेण्याचा तिला पूर्ण अधिकार होता, आणि कोणतीही सुधारणा तिच्या पाठीवर उभी राहू नये. माझे म्हणणे असे की या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध नाहीत. लपवाछपवी हा आक्षेप असेल तर कायद्याने लपवाछपवीलाच कारण धरावे, मग ती मूत्रपिंडाच्या विकाराबद्दल असो, पहिल्या लग्नाबद्दल असो की मानसिक आजाराबद्दल. फसवणुकीने मिळवलेल्या संमतीची तरतूद विवाह कायद्यात आधीपासून आहेच. सहजीवन खरोखर असह्य झाले असेल तर क्रूरतेचे कारणही उपलब्ध आहे. त्यासाठी एका आजाराला नावानिशी यादीत बसवून ठेवण्याची गरज उरत नाही. नोकरीबाबतही हेच. बस चालवणाऱ्याला किंवा बंदूक बाळगणाऱ्याला कामापुरती आरोग्य तपासणी असावी, याबद्दल वाद नाही. तिचा आधार आजच्या क्षमतेचा असावा, दहा वर्षांपूर्वीच्या कागदाचा नसावा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात असे म्हटले की मानसिक आजारामुळे घडलेल्या वर्तनासाठी कर्मचाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई करणे हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो. शस्त्रधारी दलातील माणसाबद्दल हे म्हणता येत असेल, तर औषधांवर स्थिर असलेल्या कारकुनाला घरी बसवण्याचे समर्थन कसे करणार?

लॅन्सेटने नेमलेल्या एका आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये जगभरातील पुरावा तपासून असा निष्कर्ष काढला की कलंक कमी करण्यासाठी सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे आजारातून गेलेल्या माणसांशी प्रत्यक्ष संपर्क. तज्ज्ञाच्या व्याख्यानापेक्षा बऱ्या झालेल्या माणसासोबत केलेले काम अधिक उपयोगी पडते. पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारख्या संस्थांत असा संपर्क वर्षानुवर्षे घडतो आहे. तिथे रुग्ण आणि त्यांचे पालक एकमेकांसमोर स्वतःच्या नावाने बोलतात. पण तिथे जमणारे बहुतेक लोक आजार घरात असलेलेच असतात. बाकीच्या समाजाला हा संपर्क घडायचा असेल तर रुग्ण अशा जागी दिसला पाहिजे जिथे त्याला काही काम आहे आणि त्या कामाचा मोबदला आहे.

अशी एक जागा कायद्यात आधीच लिहून ठेवलेली आहे. २०१७ च्या कायद्यानुसार रुग्णांच्या हक्कांची राखण करण्यासाठी स्थापन व्हायच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळांत जिल्हा न्यायाधीशांच्या दर्जाचा अध्यक्ष, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी आणि डॉक्टर यांच्या बरोबरीने दोन सदस्य असे असतात जे स्वतः मानसिक आजाराचा अनुभव असलेले, किंवा रुग्णाची काळजी घेणारे, किंवा त्यांच्या संघटनांचे प्रतिनिधी असतील. या तीन पर्यायांपैकी तिसरा निवडणे सरकारी खात्याला नेहमीच सोपे जाते, कारण संस्थेचा कार्यकर्ता ओळखीचा असतो आणि त्याच्याकडून गैरसोयीचे प्रश्न कमी येतात. महाराष्ट्र सरकारने असा नियम करावा की दोनपैकी एक जागा आजारातून गेलेल्या व्यक्तीलाच मिळेल, तिला इतर सदस्यांइतकेच मानधन मिळेल, आणि मनोरुग्णालयात अडकून पडलेल्या माणसांची प्रकरणे तपासताना तिची उपस्थिती सक्तीची असेल. यासाठी केंद्राचा कायदा बदलावा लागत नाही. राज्याच्या आरोग्य विभागाने नेमणुकीच्या आदेशात चार ओळी वाढवल्या तरी काम सुरू होऊ शकते.